नायट्यावर अमॉक्सिसिलिन का चालत नाही?

काल दुकानात एक काकू आल्या. मनगटावर नायटा, कडेने लालसर खवले, मधली त्वचा जवळजवळ स्वच्छ. म्हणाल्या, "मागच्या वेळच्या अमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या दे रे."

मी फार्मासिस्ट आहे. पावसाळ्यात हे सारखं ऐकतो, म्हणून लिहितोय.

अमॉक्सिसिलिन जिवाणूला त्याची भिंत नीट बांधू देत नाही. भिंत कच्ची राहिली की जिवाणू फुटतो. पण नायटा होतो बुरशीमुळे. तिची भिंत वेगळ्याच द्रव्यांची असते, त्यामुळे हे औषध तिचं काहीच बिघडवत नाही.

बुरशीवर टर्बिनाफिन किंवा इट्राकोनॅझोल लागतं. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. ही औषधं ते एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत.

मला खरी चिंता वाटते ती तीन-चार औषधं एकत्र केलेल्या मलमांची. त्यात बहुतेकदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असतं. खाज लगेच थांबते, लाली उतरते, माणूस खूश होतो. पण स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं आणि बुरशी पसरत राहते. मलम बंद केलं की नायटा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो, त्वचाही पातळ होते.

घरातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं आज वाचा. या स्टेरॉइडांची नावं दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि बरं वाटलं म्हणून उपचार मधेच सोडू नका.