देवगिरीत धान्य कुठं ठेवलंय?

सकाळी ६

दिवाळीच्या सुट्टीत माझा दिवस ठोकळे निवडण्यानं सुरू होतो. दुपारच्या शिबिराची पोरं घरी जाताना सगळे ठोकळे एका पोत्यात कोंबतात, आणि सकाळी मी ते सिडकोतल्या आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर ओतून बसते. आई शेजारी सूप घेऊन बसते आणि बारके तुकडे पाखडल्यासारखे वेगळे करते. नवखे लोक रंगावरून निवडतात. लाल डबा, निळा डबा दिसायला छान दिसतो, पण लाल ढिगात बोटभर लाल बिजागरी शोधायला गेलं की अर्धा तास जातो. आकारावरून निवडलं तर बिजागऱ्यांच्या डब्यातली लाल बिजागरी झाकण उघडताच दिसते.

राखाडी ठोकळे मात्र मी कुलपात ठेवते. किल्ले बांधणाऱ्यांना ते कधीच पुरत नाहीत. लेगोचा आजचा ठोकळा डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा, त्याचं पेटंट १९५८ चं. पण त्यांचा पहिला मोठा किल्ला आला १९७८ साली आणि तो होता पिवळाधमक. राखाडी ठोकळे हातात पडले तर मुलं रणगाडे बांधतील, अशी कंपनीला धास्ती होती म्हणे. पुढं राखाडी आला, आणि २००४ च्या सुमारास त्याची छटाच बदलली, जराशी निळसर झाली. त्यामुळं जुना आणि नवा राखाडी एका भिंतीत बसवला की भिंत ठिगळ लावल्यागत दिसते. जगभरचे हौशी लोक यावर हळहळतात. मला ते ठिगळ चालतं. आपल्याकडच्या कुठल्या तटबंदीचा दगड एका रंगाचा आहे?

सकाळी ९

आज शिबिर तीनला आहे, म्हणून सकाळ गडासाठी मोकळी. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर. वाटेत सीताफळांच्या पाट्या लागतात. येताना घ्यायची, जाताना घेतली तर गडावर तीच सांभाळत बसावं लागतं.

दौलताबादला, म्हणजे देवगिरीला, मी आता फिरायला म्हणून जात नाही. वही, टेप आणि एक प्लॅस्टिकचा शिपाई घेऊन जाते. हा शिपाई ठोकळ्यांबरोबर येतो तसला, चार सेंटिमीटर उंचीचा. कुठंही अडलं की त्याला दगडावर उभा करते आणि त्याच्या उंचीवरून पुढं बघते. पहारेकरी मामा पहिल्यांदा हसले होते. आता स्वतःच सांगतात, "तिकडं ठिवा त्याला, तिथून दरवाजाच दिसत नाही."

तीच तर या गडाची गंमत. महाकोटाच्या दारातून आत गेलं की समोर भिंत. वळा. पुन्हा दार, पुन्हा चौक, पुन्हा वळण. दारांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी खिळे, आणि दारासमोर हत्तीला धाव घ्यायला जागाच सोडलेली नाही. चौकात अडकलेल्यांवर वरून चहूबाजूंनी मारा. बाहेरून बघणाऱ्याला चांदमिनार दिसतो, डोंगर दिसतो, वाट मात्र शेवटपर्यंत दिसत नाही.

मग खंदक. डोंगराची खालची बाजू सुमारे ५० मीटर सरळ तासून काढलेली आहे, ओळंबा सोडल्यासारखी. घोरपड लावायची म्हटली तरी नखं रोवायला जागा नाही. खंदकावरून एकच पूल, आणि पुलापलीकडं अंधेरी. या भुयारी वाटेत मी आज तासभर होते. वटवाघळांचा वास नाकात बसलाय तो अजून गेला नाही. मोबाईलच्या उजेडात पायऱ्या मोजत गेले. एक बुटकी, पुढची उंच, त्यापुढची पुन्हा बुटकी. उजेडात हे गवंड्याचं अडाणीपण वाटेल. मोबाईल बंद करून चार पायऱ्या चढले आणि पाचवीला ठेच लागली. हातात तलवार घेऊन पळत येणाऱ्याचं काय होत असेल? मध्येच एका वळणावर उजेड दिसतो, जिवात जीव येतो, आणि त्या उजेडाकडं धावणारा थेट खंदकात. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, त्यावर शेगडी पेटवून धूर आत सोडायची सोय, असं गाईड मशाल नाचवत सांगतात. पर्यटकांची पोरं किंचाळतात. मी वहीत लिहिते: खोटा उजेड कसा दाखवायचा?

एवढा बंदोबस्त असलेला गड पडला कसा, हा माझा दुपारच्या शिबिरातला आवडता प्रश्न. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा देवगिरीचा राजा रामदेवराय गडावर चढून बसला. सांगतात असं की घाईघाईत वर नेलेली पोती धान्याची समजून नेली, उघडली तर मीठ निघालं. कथा खरी की रचलेली, यावर इतिहासकार भांडोत. पण १६३३ मध्ये मोगलांच्या महाबतखानानं काही महिने वेढा घालून हाच गड निजामशाहीकडून घेतला, तेव्हाही आतल्यांची उपासमार झाली होती. मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याला किल्ल्या द्याव्या लागल्या. खंदक, तासलेला कडा, अंधेरी, सगळं जागच्या जागी होतं. पोट रिकामं होतं.

दुपारी १

दीड किलो सीताफळं. पाडेकरी निघाली, उद्यापर्यंत पिकतील. जेवण, आणि वीस मिनिटं डोळे मिटून.

दुपारी ३

आजचा विषय पोरांनीच निवडलाय: मध्ययुगातला किल्ला, त्यात जादू पाहिजे. जादू म्हटलं की त्यांच्या डोक्यात ड्रॅगन येतो. आमच्या लहानपणी 'चांदोबा'तला वेताळ आला असता, झाडाला लोंबकळणारा. वेताळ बांधायला सोपा असतो, पण त्याला गिऱ्हाईक नाही.

पहिला तास मी बोलत नाही, फक्त भिंती हलवून बघते. एका पोरानं चार बुरूज उभे केलेत, ठोकळ्यावर बरोब्बर तोच ठोकळा, खालपासून वरपर्यंत एकच सांधा. बोट लावलं की बुरूज उभा चिरला जातो. कुठलाही गवंडी सांगेल, सांधेमोड घे बाबा: वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर आली पाहिजे. प्लॅस्टिकला तोच नियम. पोरानं वरचे थर उपसले आणि एक आड एक बसवले. बुरूज आता फेकला तरी फुटत नाही. मग त्यानं तो खरंच फेकून बघितला.

चार वाजता परीक्षण. याचे नियम ठरलेले. बांधणाऱ्यानं गप्प बसायचं. बाकीच्यांनी 'मस्त आहे', 'भारी आहे' म्हणायचं नाही. आणि किल्ल्याकडं वरून बघायचं नाही. जमिनीवर पालथं पडायचं, हनुवटी सतरंजीला टेकवायची आणि शिपायाच्या उंचीवरून बघायचं. ठोकळ्यांचे निम्मे किल्ले इथंच उघडे पडतात. उभ्यानं बघितलं की चौक, सिंहासन, राजवाड्याचं छप्पर सगळं देखणं. पालथं पडून बघितलं की समोर एक सपाट भिंत आणि मधोमध भलंमोठं दार, त्यापुढं सरळ रस्ता.

सातवीतल्या एका मुलीचा किल्ला आज सगळ्यांत उंच. टेबलाच्या कडेवर कडा, कड्यावर वाडा, वाड्यावर हिरवा ड्रॅगन. पंखांना तिनं निळ्या पारदर्शक प्लेटा तिरक्या लावल्यात, उजेड पडला की चमकतात. हात फार चांगला आहे तिचा. मी शिपाई तिच्या दारात ठेवला.

"हा आत कसा येणार?"

"ताई, दारातून," एक पोरगा.

"दार उघडं कसं?"

"ड्रॅगन आहे ना राखायला!"

"एक ड्रॅगन. बाकीच्या तीन बाजूंना कोण?"

शांतता. मग मागून एक जण, "ताई, शत्रूचा पण ड्रॅगन असंल तर? तो उडून आतच जाईल की!"

"जाईल. त्याच्या पाठीवर किती जण बसतील? चार? बाकीचे हजार चालतच येणार ना?"

इथं मी त्यांना देवगिरीची पोती सांगितली, मिठाची. पोरं हसली. आणि मग एकदम सगळ्यांनी त्या किल्ल्यात कोठार शोधायला सुरुवात केली. कोठार नाही. विहीर नाही. स्वयंपाकघर नाही. ड्रॅगन खातो काय, असं कुणीतरी विचारलं. बांधणाऱ्या मुलीला बोलायची परवानगी नव्हती, तरी ती बोललीच, "मेंढ्या."

"मेंढ्या चरतात कुठं?"

ती काही न बोलता उठली आणि हिरव्या प्लेटांच्या डब्याकडं गेली. कड्याच्या मागच्या बाजूला, जिथं बघणाऱ्याचं लक्षही जाणार नव्हतं, तिथं तिनं उताराचं कुरण केलं, आणि पांढऱ्या एकबटणी ठोकळ्यांच्या मेंढ्या सोडल्या. मग मेंढ्या वर आणायच्या म्हणजे वाट आली. वाट आली म्हणजे दुसरं दार आलं. दुसरं दार म्हणजे दुसरा धोका, म्हणून तिनं ते अरुंद केलं, एका वेळी एकच मेंढी जाईल एवढं. चोरदिंडी म्हणतात ती हीच, हे मी तिला नंतर सांगितलं.

आई-वडील न्यायला येतात तेव्हा "मॅडम, यांना जरा कल्पनाशक्ती वाढेल असं काहीतरी द्या" म्हणतात. कल्पनाशक्ती त्यांच्याकडं पोत्यानं आहे. ड्रॅगनला चारा लागतो, हे सुचायला वेळ लागतो.

संध्याकाळी ६:३०

मातीचे किल्ले बघायला निघाले. आमच्या भागातल्या किल्ले स्पर्धेचं परीक्षण दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं, आणि मी नाही म्हणत नाही. विटा रचायच्या, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर अळीव पेरायचं. चार दिवसांत हिरवळ येते. औरंगपुऱ्यातल्या फुटपाथवरून आणलेले मावळे, माथ्यावर सिंहासनावर महाराज. या घराघरांतल्या अंगणांत महाराष्ट्रातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या गडबांधणी शिकलीत, तीही कुठलं खोकं विकत न घेता. परदेशातल्या खेळण्यांच्या किल्ल्यांबद्दल ऐकून भारावणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

यंदा राजगड, प्रतापगड, रायगड यांचीच गर्दी आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून पोरं त्या बारांतलाच निवडतात. एका घरी तयार प्लॅस्टरचा गड आणून ठेवला होता, पायथ्याला दिव्यांची माळ. त्याला गुण देताना माझा हात जड होतो. शेजारच्या गल्लीत दोन भावांनी केलेला राजगड मात्र वेडावाकडा, पण संजीवनी माचीची चिलखती तटबंदी त्यांनी दुहेरी केली होती, आत चालायला फट ठेवून. मी गुडघे टेकून बघितलं. फटीत दोन मावळे उभे होते, कुणाला दिसणार नाहीत असे. पहिला नंबर त्यांचा.

देवगिरी कुणीच करत नाही. शहरापासून इतक्या जवळ असूनही. मी कारण विचारलं तर मोठा भाऊ म्हणाला, "तिथं महाराज कुठं बसवायचे?" प्रश्न रास्त आहे. देवगिरी स्वराज्यात नव्हता, मराठ्यांकडं आला तो १७६० मध्ये, उदगीरच्या लढाईनंतर. मी त्याला सांगितलं की जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव याच गडावर १६२९ साली निजामशहाच्या दरबारात मारले गेले. त्याला हे माहीत नव्हतं. त्यानं धाकट्याकडं बघितलं, धाकट्यानं चिखलानं माखलेले हात चड्डीला पुसले, आणि दोघं पुढच्या वर्षीचं काहीतरी कुजबुजायला लागले.

रात्री ९:३०

आता माझा स्वतःचा देवगिरी. प्लॅस्टिकच्या शिपायाच्या मापानं करायचा म्हटला तर डोंगर पाच मीटर उंच होईल, छत फोडावं लागेल. म्हणून एका ठोकळ्याची उंची, ९.६ मिलिमीटर, म्हणजे ३ मीटर असं धरलंय. त्या हिशेबानं ६३ मीटरचा चांदमिनार २१ ठोकळ्यांत बसतो आणि डोंगर साधारण ६४ सेंटिमीटरचा. माणूस जेमतेम ५ मिलिमीटरचा उरतो, एका बटणाच्या रुंदीएवढा. शिपाई या गडावर उभा राहू शकत नाही, एवढं दुःख आहे.

डोंगर उभा करायला मात्र मजा येते. इथला बेसॉल्ट थराथरांनी बसलेला आहे, आणि पातळ प्लेटा एकावर एक आडव्या रचल्या की तसाच दिसतो. गडद राखाडी, मध्येच तपकिरी, एखादी मातकट. तासलेल्या कड्यासाठी उलटं करावं लागलं: बटणं नसलेल्या चपट्या फरशा उभ्या बसवल्या, गुळगुळीत बाजू बाहेर. १७ ठोकळ्यांएवढा कडा झाला. नख लावून बघितलं. अडकत नाही.

अडकलंय ते अंधेरीपाशी. भुयार डोंगराच्या पोटात, डोंगर बंद, मग दाखवायचं कुणाला? आधी वाटलं, बाजूनं कापून ठेवावं. पण कापलेलं भुयार सगळं एकदम दिसतं, खोटा उजेडही, आणि त्याची फसवणूकच संपते. शेवटी ठरवलं, डोंगर मधोमध दोन भागांत करायचा आणि मागून बिजागऱ्यांवर जोडायचा. बघणाऱ्यानं आधी बंद डोंगराच्या खालच्या भोकातून डोळा लावून आत बघायचं, मगच उघडायचं. खोट्या वळणावर पारदर्शक पिवळा तुकडा, मागं छोटा दिवा. आणि वर, बारादरीच्या खाली, जिथं खरं तर काय होतं ते मला कुठं सापडलेलं नाही, तिथं मी एक कोठार घातलंय. पांढऱ्या तुकड्यांनी भरलेलं. धान्य की मीठ, ते बघणाऱ्यानं ठरवावं.

डोंगराचं वजन पेलायला घट्ट बसणाऱ्या बिजागऱ्या पाहिजेत, त्या माझ्या डब्यात चारच आहेत. आणखी आठ लागतील. मागवल्यात, पण सुट्टीत कुरियर कधी येईल याचा भरवसा नाही. तोवर अर्धा डोंगर टीव्हीच्या टेबलावर आणि अर्धा आईच्या शिवणयंत्रावर. तिनं उद्या सकाळपर्यंत हलवायला सांगितलाय.