मातीने रंगवलेले मणी

दोन हजार वर्षांपूर्वीचा एखादा रोमन काचमणी पाहिलात, तर तुम्ही नक्की म्हणाल, "अहाहा, काय सुंदर रंगवलाय!" हिरवा, जांभळा, सोनेरी, मधूनच मोरपिशी. पण गंमत ऐका. ज्या कारागिराने तो घडवला, त्याने हे रंग लावले नव्हतेच. त्याने ते कधी पाहिलेसुद्धा नाहीत!

त्याच्याकडे होती वाळूची काच. नुसती वाळू वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. एवढी धग तेव्हाच्या भट्टीत कुठली? म्हणून वाळूत नेट्रॉन नावाचा खार मिसळत. तो यायचा इजिप्तमधल्या वादी नत्रून इथल्या खाऱ्या तळ्यांतून. खार पडला की वाळू कमी तापमानाला वितळते. मग ती मऊ, लालभडक काच लोखंडी सळईभोवती गुंडाळायची. गार झाल्यावर सळई काढली की भोकासकट मणी तयार!

पुढे मणी हरवला, मातीत गाडला गेला. ओल्या मातीतलं पाणी काचेतला तोच खार हळूहळू ओढून घेऊ लागलं. शतकं गेली, आणि मण्याच्या अंगावर अतिशय पातळ पापुद्रे तयार झाले, एकावर एक. प्रकाश पडला की थोडा वरच्या पापुद्र्यावरून परततो, थोडा खालच्यावरून. परतणाऱ्या लाटा एकमेकींना भेटतात. काही रंग त्यात जोर धरतात, काही विरून जातात. साबणाच्या फुग्यावरचे रंग असेच उमटतात.

स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर (हो, कॅलिडोस्कोप शोधणारे तेच!) यांनी एकोणिसाव्या शतकात अशी जुनी काच बारकाईने तपासली. पापुद्र्यांत द्रव शिरला की रंग गायब, वाळला की पुन्हा हजर! २०२३ साली तर इटलीतल्या अक्विलेया इथे सापडलेल्या रोमन काचेच्या तुकड्यात शास्त्रज्ञांना इतके शिस्तीत रचलेले थर दिसले, की फुलपाखराच्या पंखातल्या रचनेची आठवण व्हावी. हे सगळं माती-पाण्याने केलं, कुणी न शिकवता!

हे पापुद्रे फार नाजूक असतात. घासले की निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर रंगही.

संग्रहालयात अशी काच दिसली, तर तिच्यासमोर जरा डावीकडे-उजवीकडे हला. जो रंग तुमच्याबरोबर बदलेल तो पापुद्र्यांचा, आणि जो तसाच राहील तो काचेचा स्वतःचा.