बिल्ला बोलतो

तुमच्यापैकी कुणी पोस्टाची तिकिटे जमवत असेल, कुणी जुनी नाणी. काही लोक सैन्याची पदके आणि बिल्ले जमवतात. पदकाला उर्दूत आपण 'तमगा' म्हणतो. पदक शौर्याबद्दल किंवा सेवेबद्दल मिळते. बिल्ला मात्र सैनिक कोणत्या पलटणीचा आहे हे सांगतो. युरोपातील पोलंड या देशाचे बिल्ले आणि पदके जमवणारे लोक पुष्कळ आहेत. ते या वस्तूंत काय पाहतात, ते आपण समजून घेऊ.

पोलंडच्या सैनिकाच्या टोपीवर गरुड असतो. पूर्वी त्याच्या डोक्यावर मुकुट असे. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात कम्युनिस्ट राजवट आली. तिच्या सैन्याच्या गरुडाला मुकुट नव्हता. १९९० मध्ये मुकुट परत आला. म्हणून जाणकार माणूस आधी गरुडाचे डोके पाहतो.

मग तो बिल्ला उलटा करतो. जुन्या पोलिश बिल्ल्याच्या मागे स्क्रू असतो आणि त्यावर गोल चकती बसवलेली असते. त्या चकतीवर पुष्कळदा कारागिराचे नाव कोरलेले असते. नकली माल बनवणारेही हे जाणतात. म्हणून धातू, मीनाकाम आणि अक्षरे नीट तपासावी लागतात.

काही बिल्ले गमतीदार आहेत. एका पोलिश तुकडीने वोयटेक नावाचे अस्वल पाळले होते. तोफेचा गोळा वाहणारे अस्वल हेच पुढे त्या तुकडीचे चिन्ह झाले.

एका क्रॉसची हकिकत मात्र मन हेलावणारी आहे. इटलीत माँटे कॅसिनो नावाचा डोंगर आहे. तेथे अनेक महिने घनघोर लढाई झाली. १८ मे १९४४ रोजी पोलिश सैनिक डोंगरावरील मठाच्या अवशेषांपर्यंत पोहोचले. या लढाईतील पोलिश सैनिकांना एक स्मृतिक्रॉस देण्यात आला. प्रत्येक क्रॉसच्या मागे क्रमांक आहे. त्यावरून तो कोणत्या सैनिकाचा, हे शोधता येते.

या सैन्यातील अनेकांची बायकामुले तेव्हा कुठे होती, ठाऊक आहे? आपल्या कोल्हापूरजवळ! १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. युद्ध संपले, पण अनेक सैनिकांची गावे सोव्हिएत युनियनमध्ये गेली. त्यांना घरी परतता आले नाही. घर गेले, क्रॉस तेवढा उरला.

आता विचार करा. असा क्रॉस बाजारात विकला गेला आणि त्याची हकिकत कुणी लिहून ठेवली नाही, तर काय उरेल? केवळ धातूचा एक तुकडा! म्हणून चांगला संग्राहक वस्तूबरोबर तिची नोंद ठेवतो. ती कुणाची होती, कुठून मिळाली, कधी मिळाली, हे तो लिहितो. तो पदक घासून चकचकीत करत नाही, कारण त्यामुळे कोरलेली अक्षरे झिजतात. दुसऱ्याचे पदक तो स्वतःच्या छातीवर लावत नाही. पदक विकत घेता येते, पराक्रम विकत घेता येत नाही.

तुमच्या घरातील पेटीतही आजोबांचे एखादे पदक, बिल्ला किंवा जुने ओळखपत्र असेल. ते हातात घ्या, घरातील वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारा आणि ऐकलेले वहीत लिहून ठेवा. सांगणारे आज आहेत, तोवरच विचारून घ्या.