मराठी भयसाहित्यातील स्त्रिया

मराठी भयसाहित्यातील स्त्रिया या विषयात लोककथा, भयकथा व भयपट यांतील स्त्रीरूपी भुते, तसेच या साहित्यप्रकाराच्या लेखिका, संग्राहक व वाचक यांचा विचार केला जातो. मराठी भयकथेत स्त्री दीर्घकाळ प्रामुख्याने भीतीचा विषय राहिली. भीती अनुभवणारी व तिचा अर्थ लावणारी नायिका त्या मानाने उशिरा ठळक झाली. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या लोकपरंपरेत या विषयाची दोन टोके आढळतात: एकीकडे बोहाड्यातील देवी व राक्षसींची सोंगे, तर दुसरीकडे जिवंत स्त्रीला ‘भुताळी’ ठरवणारी समजूत.

लोकपरंपरेतील स्त्री-भुते

मराठी लोकसमजुतीतील भुतांचे वर्गीकरण बहुधा मृत्यूच्या वेळच्या सामाजिक अवस्थेवरून केलेले आढळते. मुंज होऊन लग्नापूर्वी मेलेल्या मुलाचा मुंजा होतो. स्त्रियांच्या बाबतीत हे वर्गीकरण विवाह आणि प्रसूती यांच्याशी बांधलेले आहे. गरोदरपणी किंवा बाळंतपणात मरण पावलेली स्त्री हडळ किंवा अळवंतीण होते. सवाष्ण असताना इच्छा अपुऱ्या ठेवून गेलेली जखीण होते. विधवेच्या भुताला लावसट म्हणतात. पाण्याच्या ठिकाणी आसरा किंवा साती आसरा यांचा वास मानला जातो. त्या पूज्यही असतात आणि भीतिदायकही. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री नशीब लिहिणारी सटवाई हीदेखील अशीच दुहेरी देवता आहे.

सूतिकागृहे व प्रशिक्षित वैद्यकीय मदत उपलब्ध नसलेल्या काळात बाळंतपणातील मृत्यू ही घराघरांत घडणारी घटना होती. त्यामुळे हडळीच्या कथेत भयाबरोबर त्या मृत्यूचे दुःख आणि जिवंत राहिलेल्यांच्या मनातील अपराधभावही साठलेला दिसतो. उलटी पावले, मोकळे केस आणि विहीर किंवा झाड ही निवासस्थाने पुढील लिखित भयकथेने याच परंपरेतून उचलली.

कोकणातील अशा समजुतींची नोंद रेजिनाल्ड एन्थोव्हेन यांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. १९०९ मध्ये नाशिक येथे मारले गेलेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली सामग्री त्याचा आधार होती. स्वातंत्र्योत्तर काळात दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर आणि तारा भवाळकर यांनी लोकसाहित्याचे संकलन व अभ्यास केला. ज्या ओव्या, कहाण्या व समजुती मुख्यतः स्त्रियांच्या तोंडी जिवंत होत्या, त्यांच्याकडे त्यामुळे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले जाऊ लागले.

जव्हार-मोखाडा परिसर

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते व १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. जव्हार व मोखाडा हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. येथे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या समाजांची वस्ती आहे.

होळीनंतरच्या काळात या भागातील गावांत बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. वाद्यांच्या तालावर एकेक सोंग नाचत येते. त्यांत देव असतात, तसेच राक्षस व राक्षसीही असतात. देवी आणि महिषासुर यांचे युद्ध हा उत्सवाचा महत्त्वाचा भाग आहे. स्त्री-पात्रांची सोंगेही परंपरेने पुरुषच घेत आले. बोहाड्यातील भीतीला निश्चित जागा व वेळ असते. मुखवटा चढवला की राक्षसी अवतरते आणि तो उतरवला की ती जाते.

भुताळीची समजूत याच्या उलट आहे. वारली समाजात धवलेरी ही लग्नविधीत गाणी म्हणणारी मानाची स्त्री आहे, आणि लग्नाचा चौक लिहिण्याचे काम परंपरेने सवाष्णींचे आहे. म्हणजेच स्त्रीकडे विधीचे अधिकार आहेत. मात्र आजारपण किंवा अकाली मृत्यूचे कारण शोधताना भगत एखाद्या स्त्रीकडे बोट दाखवू शकतो, आणि मग तीच भुताळी ठरते. हा मुखवटा तिला उतरवता येत नाही. बहिष्कार, मारहाण, गावातून हाकलणे, प्रसंगी हत्या असे त्याचे परिणाम होऊ शकतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे या भागातील कुपोषणाचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. जेथे मुले अशी दगावतात आणि दवाखाना दूर असतो, तेथे मृत्यूचा दोष एखाद्या व्यक्तीवर येण्याचा धोका अधिक असतो.

नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते असे जाहीर करून तिला त्रास देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. कायद्यात ६ महिने ते ७ वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

भयकथा व भयपट

लिखित मराठी भयकथेतील सर्वांत परिचित नावे नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची आहेत. धारपांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंग यांच्या कथेवर बेतलेली असून तिच्यातील भय घरातल्याच वृद्ध स्त्रीभोवती उभे राहते. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटातील आजीमागे हीच कथा आहे. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी साकारली. तेथे हे भयरूप मुलांच्या हसण्याचा विषय झाले. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतील शेवंता प्रथम जिवंत व्यक्तिरेखा म्हणून लोकप्रिय झाली आणि पुढील भागात प्रेतरूपाने परतली.

विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ (२०१७) हा वेगळ्या वळणाचा चित्रपट आहे. त्याची नायिका गरोदर असून उसाच्या शेतांनी वेढलेल्या घरात तिला जे दिसते, त्याच्या मुळाशी मुलगी नको असलेला समाज आहे. हडळीच्या कथेतील गरोदर स्त्री येथे भूत न होता सत्य शोधणारी होते. ‘छोरी’ (२०२१) हे त्याचे हिंदी रूपांतर आहे.

लेखिका व वाचक

इंग्रजी भयसाहित्याच्या पायाभरणीत स्त्रियांचा मोठा वाटा आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ यांची ‘द मिस्ट्रीज ऑफ उडॉल्फो’ १७९४ मध्ये, तर मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) या कथेत बाळंतपणानंतर विश्रांतीच्या नावाखाली खोलीत डांबलेली स्त्री स्वतःच निवेदन करते. मराठी लोककथेत जी अवस्था स्त्रीला भूत बनवते, तीच येथे तिच्या स्वतःच्या शब्दांत येते. शर्ली जॅक्सन यांची ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) ही याच परंपरेतील कादंबरी आहे.

अद्भुत व भीतिदायक पुस्तकांची आवड मुलींना शोभत नाही, हा आक्षेपही जुना आहे. जेन ऑस्टेन यांच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ची नायिका अशा कादंबऱ्यांची वेडी वाचक आहे. ऑस्टेन तिची थट्टा करतात, पण त्याच कादंबरीत कादंबरीवाचनाचे समर्थनही करतात. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात स्त्रीने वाचणे हेच टीकेचे कारण होते. लग्नानंतर घरातील विरोध सोसत वाचायला शिकलेल्या काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांनी पुढे ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) या कादंबरीत स्त्रियांच्या हाती कारभार असलेले कल्पित राज्य रंगवले. ही भयकथा नव्हे. परंतु वास्तवापलीकडच्या कल्पनेवर स्त्रीने सांगितलेला तो मराठीतील एक आरंभीचा हक्क आहे. पुढे ‘नवल’ व ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी गूढ व भयकथा घरात आणल्या, आणि ही आवड घरातल्या सर्वांच्या हाताशी आली.

हेही पाहा

बोहाडा
वारली चित्रकला
नारायण धारप
रत्नाकर मतकरी
महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा