राजीनाम्याआधी एक आकडा काढा
नोकरी सोडून कॅमेरा हातात घ्यायचाय? मग सेबास्तियाव साल्गादो यांची गोष्ट ऐका.

हे ब्राझीलचे अर्थतज्ज्ञ. लंडनला आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत चांगली नोकरी. पत्नी लेलिया यांनी आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी कॅमेरा घेतला आणि तो यांच्याच हातात रुळला. १९७३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

इथवर सगळे सांगतात. पुढचं ऐका. सेरा पेलादा सोन्याच्या खाणीचे त्यांचे गाजलेले फोटो १९८६ चे. मधे तेरा वर्षं! ती त्यांनी फोटो एजन्सींची कामं करत काढली. पुढे पुस्तकं आणि प्रदर्शनांची बाजू लेलियांनी सांभाळली.

तुमची ही वर्षं कशी निघणार? लग्नाचे फोटो काढणार असाल, तर चातुर्मासात मुहूर्त जवळपास नसतात. ईएमआय मात्र दर महिन्याला कापला जातो.

म्हणून हिशोब मांडा. समजा, घरखर्च महिना ४० हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. लेन्स, अल्बम, प्रवास, मदतनीस मिळून २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख २० हजार. वर्षात शूटचे ३० दिवस मिळाले, तर एका दिवसाचे २४ हजार झाले. आणि तुम्ही आज किती सांगता? आठ?

२४ हजार म्हणताना जीभ अडखळते ना? मग राजीनामा खिशातच ठेवा. शनिवार-रविवार काम करा. हा दर देणारी पाच अनोळखी गिऱ्हाइकं मिळाली, की घरच्यांसोबत बसून तारीख ठरवा.