निवड कोणाची, हात कोणाचे?

काय खावे आणि काय टाकावे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्याचे आवाहन केले. पर्यायी घास कोठून येणार याची शाश्वती नसताना गावोगावच्या लोकांनी ते अन्न सोडले, ढोरे ओढायचे नाकारले आणि त्यापायी बहिष्कार सोसला. ताटातला घास बदलला की गावाची उतरंड हलते, हे तेव्हाच सिद्ध झाले. आज 'आरोग्यदायी' आणि 'पर्यावरणपूरक' खरेदीची जी चर्चा सुशिक्षित घरांतून चालते, तिच्यात मात्र ग्राहक एकटा असतो. त्याची प्रकृती, त्याची गच्चीवरची बाग, त्याची पृथ्वी! वापरून झालेली वस्तू पुढे कोणाच्या हातात जाते, याची चौकशी तिच्यात क्वचितच असते. प्रस्तुत लेखात बाजारहाटाकडे त्या हाताच्या बाजूने पाहायचे आहे.

छत्रपती संभाजीनगरला ही चौकशी 2018 मध्ये भाग पडून करावी लागली. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. तीन दशकांहून अधिक काळ शहराने आपला कचरा नारेगाव-मांडकी भागात नेऊन ओतला होता. दुर्गंधी, धूर, नासलेले पाणी हे तेथल्या लोकांच्या वाट्याचे, आणि स्वच्छ अंगण शहराच्या वाट्याचे. त्या वर्षी फेब्रुवारीत गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. रोज सुमारे 400 टनांच्या घरात निघणारा कचरा रस्त्याच्या कडेला साचू लागला. महापालिका दुसरी जागा शोधू लागली, तेव्हा प्रत्येक जागेच्या शेजारी माणसे राहत असल्याचा शोध लागला. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रांची आखणी झाली आणि कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प उभा राहिला.

परंतु ही यंत्रे घरातल्या एका कृतीवर अवलंबून असतात. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो: भाजीची देठे, साली, खरकटे, चहाचा चोथा. हा भाग वेगळा ठेवला तर त्याचे खत होते, गॅस होतो. तो कागद, प्लास्टिक, काच यांच्यात मिसळला की दोन्ही बाजूंनी नासाडी होते. भिजलेल्या रद्दीला भाव येत नाही आणि काचेचे तुकडे असलेले खत शेतकरी घेत नाही. डोंगरासारख्या ढिगात दाबल्या गेलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. तो हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन वायू सुटतो. हाच वायू ढिगाऱ्यांना आगी लावतो, हाच पृथ्वीचे तापमान वाढवतो. ढिगातून झिरपणारे काळे पाणी विहिरींना जाऊन मिळते. 2016 च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे प्रत्येक घरावर बंधनकारक केले. नियम साधा आहे. तो मोडणेही तितकेच सोपे आहे, कारण त्याची शिक्षा मोडणाऱ्याला होत नाही.

शिक्षा होते ती निवडणाऱ्या हाताला. घरात दोन डबे ठेवण्याचा कंटाळा एका घरापुरता क्षणाचा असतो. तोच कंटाळा हजारो घरांतून गोळा होऊन घंटागाडीत येतो, आणि मग कोणीतरी खाली वाकून खरकट्यातून बाटली, बाटलीतून ब्लेड, ब्लेडाखालून मुलाचा लंगोट वेगळा करीत बसते. ते कोणीतरी बहुधा कोण असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत दलित स्त्रिया बहुसंख्य; त्यांतली अनेक कुटुंबे 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातून उठून गेलेली. गाव सुटले, पण गावाने ठरवून दिलेले काम शहराच्या वेशीवर त्यांची वाट पाहत उभे होते. पंचायतीने त्यांना ओळखपत्रे मिळवून दिली. पुढे 'स्वच्छ' ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि दारोदार कचरा गोळा करण्याचा करार पुणे महापालिकेने तिच्याशी केला. कचराकुंडीत उतरण्याऐवजी दारात उभे राहून, कामाचे शुल्क मागून घेणे, हा फरक थोडा नाही. म्हणून ओला-सुका वेगळा करणे हा मी स्वच्छतेच्या शिष्टाचाराचा भाग मानीत नाही. दुसऱ्याच्या हाताला आपल्या खरकट्यापासून मुक्त करण्याची ती किमान अट आहे.

आता खरेदीकडे येऊ. दुकानात उचललेल्या वस्तूचे पुढचे आयुष्य तिच्या वेष्टनावर ठरते. पुठ्ठा, पत्रा, पाण्याची बाटली, दुधाची पिशवी भंगारवाला विकत घेतो. त्यांतून कोणाची तरी संध्याकाळची चूल पेटते. वेफर्सची चकचकीत पिशवी, शाम्पूची पुडी मात्र प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेली असते. हे थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून तिला भाव नाही, म्हणून ती कोणी वेचीत नाही, आणि म्हणून ती नाल्यात जाते. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. केंद्राने 1 जुलै 2022 पासून स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी घातली. या केंद्रीय यादीत शाम्पूची पुडी नाही. भाजीवालीची पातळ पिशवी जप्त होते आणि मोठ्या कंपनीची पुडी दुकानाच्या दारात तोरणासारखी लटकत राहते!

पुडी घेणारीला दोष देणे फार सोयीचे आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईच्या हातात आजचेच पैसे असतात. महिन्याची बाटली एकदम घ्यायला महिन्याचा पगार लागतो. आहाराचेही तसेच. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारी-बाजरीचे गुण नव्याने गायले गेले. मराठवाड्यात ज्वारीची भाकरी हे गरिबाचे रोजचे अन्न होते. तिच्यातला चोथा पोटाला चांगला, तिला गहू-भातापेक्षा पाणी कमी, हे सारे खरे. पण रेशनवर प्रामुख्याने मिळतो तो गहू आणि तांदूळ, आणि ज्वारी बहुधा बाजारभावाने घ्यावी लागते. अशा घराला भरडधान्याचे महत्त्व सांगण्यापूर्वी रेशन दुकानात ज्वारी नियमितपणे का नाही, हे सरकारला विचारले पाहिजे. निवड हा शब्द पर्याय असणाऱ्यालाच लागू पडतो.

ज्यांना पर्याय आहेत, त्यांत आता आपल्यातलीही शिकलेली, नोकरदार पिढी आहे. सिडकोतल्या, पदमपुऱ्यातल्या घरांतली. त्यांनी काय करावे? शाम्पू, तेल, साबण मोठ्या मापात घ्यावे. कापडी पिशवी आणि डबा घेऊन बाजारात जावे. मटण, दही, तेल डब्यात मिळते, मागण्याचा संकोच तेवढा सोडावा लागतो. गरम चहा वा वरण पातळ पिशवीतून आणू नये, कारण उष्णतेने प्लास्टिकमधली रसायने अन्नात उतरू शकतात. वर्तमानपत्रात बांधलेल्या भज्यांचेही तेच. छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याविरुद्ध वारंवार इशारा दिला आहे. कचरा जाळू नये, विशेषतः प्लास्टिक. थंडीच्या सकाळी कोपऱ्यावर पेटवलेल्या ढिगाचा धूर सर्वांत आधी झाडणाऱ्या बाईच्या छातीत जातो.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, तो पिशवीलाच लोंबता ठेवावा. सुटा तुकडा कोणाच्याच वेचण्यात येत नाही. पिशवी विसळून, वाळवून दिली तर तिला भाव मिळतो. इन्शुलिनच्या सुया आणि दाढीची पाती झाकणाच्या घट्ट डब्यात साठवून द्यावीत. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळावी. आणि सॅनिटरी पॅड, लंगोट उघडे टाकू नयेत. पुण्याच्या 'स्वच्छ'च्या बायांनी यासाठी घरोघर एक खूण सांगितली: जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा. अक्षर न वाचता येणारीलाही तो ठिपका वाचता येतो, आणि ती ते पुडके न उघडता बाजूला ठेवते.