प्रभातचे प्रयोग

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्या पाच भागीदारांपैकी विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे मुळात चित्रकार. चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली रंगकाम, नेपथ्य, यंत्रे असे सगळेच हाताळत ते घडले होते. प्रभातमध्ये दामले ध्वनी आणि फत्तेलाल कलाविभाग पाहत.

नवे करून पाहण्याची हौस मोठी होती, पण प्रत्येक प्रयोग साधला नाही. ‘सैरंध्री’ (१९३३) रंगीत करण्यासाठी जर्मनीत प्रक्रिया करून घेतली. रंग मनासारखे उतरले नाहीत. कंपनी पुन्हा कृष्णधवल चित्रपटांकडे वळली, प्रयोग मात्र थांबले नाहीत. पुण्यातल्या पहिल्याच चित्रपटात, ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४), टेलिफोटो भिंगाने राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला. ही निव्वळ तांत्रिक करामत नव्हती. धर्मांध सत्तेची जरब त्या डोळ्यातून थेट पोचते. ‘कुंकू’मध्ये (१९३७) दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत गाळून नैसर्गिक आवाजांवर भिस्त ठेवली, कारण कथेला तेच हवे होते.

सर्वात सुरेख तोल दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’चा (१९३६). वैकुंठगमनासाठी ट्रिक छायाचित्रणाची सारी हुशारी वापरली, पण देहूतला संसार, पत्नी जिजाई आणि तिची म्हैस अगदी साधी ठेवली. म्हणूनच त्यातले चमत्कार खरे वाटतात. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

प्रभातच्या पुण्यातल्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.